गार इंजिन

पुस्तकात लिहिलंय: इंजिन गार असताना मोजा.
मुहर्रकच्या गल्लीत, ऑगस्टमध्ये,
पहाटे तीनला टाकीवर हात ठेवला
तर ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखी.
ज्यानं हे लिहिलं
तो इकडे कधी आला नसणार.

म्हणून गुरुवारी रात्री
टेकबहादूरची गाडी आम्ही खोलीतच घेतली.
पेट्रोलचा कॉक बंद, चाकांखाली जुनी चादर,
शाजीचा पलंग भिंतीला सरकवून
एसीच्या तोंडासमोर उभी केली.
तिघांच्या खोलीत चौथी.
शाजी कूस बदलत म्हणाला, भाड्यात हिचा वाटा किती?

तक्रार समोरच्या उम्म जासिमची होती.
दीड वाजता शेवटची ऑर्डर पोचवून टेकबहादूर गल्लीत वळला
की तिच्या खिडकीखाली टकटकटकटक,
पितळी वाटीत चिंचोके खुळखुळवावेत तसं.
चिडली नव्हती म्हातारी.
दातांवर बोट वाजवत विचारलं फक्त,
तुमच्या माकिनाला थंडी वाजतेय का?

सकाळी सातला सिलिंडरला गाल लावून बघितला.
गार.
टाकी उतरवली, टॅपेटची झाकणं काढली,
एका बोल्टचं डोकं आधीच कुणीतरी गोल करून ठेवलेलं.
मॅग्नेटोच्या भोकातून टी-ची रेघ खाचेसमोर आणली.
दोन्ही रॉकर सैल, म्हणजे हाच दाबाचा फेरा.
घाईत भलत्याच फेऱ्यावर मोजणारे पुष्कळ असतात.

फीलर गेज माझा, गोदीतला.
तिथे जहाजाच्या इंजिनात मी आख्खा उभा राहतो
आणि अर्धा मिलिमीटर मोजतो.
इथे आठ शतांश. डोक्याचा एक केस.
आठाचं पातं घातलं, अडलंच नाही.
पंधराचं घातलं, तेही गेलं. विसाचं कुठे जरा धरलं.
एवढ्याशा फटीतून
एका म्हातारीची झोप जात होती.

गडहिंग्लजला रुद्राप्पा मिस्त्रीकडे
चौदाव्या वर्षी मी पहिल्यांदा टॅपेट बसवलं.
आवाज साफ घालवला आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.
त्यानं कानफटात मारली नाही, मारली असती तर बरं झालं असतं.
चिंध्यांनी हात पुसले,
स्क्रू थोडा उलटा फिरवला आणि म्हणाला,
वाजणारा व्हॉल्व्ह जगतोय, लेका.
गप्प केलेला आतनं जळतोय.

नट आवळताना स्क्रूही फिरतो, सगळं हुकतं.
तीनदा हुकलं.
टेकबहादूर टॉर्च धरून, रात्रीची झोप डोळ्यांत,
उजेड माझ्या अंगठ्यावरून फरशीवर घसरायचा
आणि दचकून परत वर यायचा.
चौथ्यांदा पातं ओढलं तेव्हा
भिजलेल्या वहीतून पान सोडवावं तसं आलं,
जरा धरून, मग सोडून.
एक्झॉस्टला दहा. वर एक शतांश माझ्या मनाचा,
रुद्राप्पासाठी.

बाहेर नेऊन किक मारली.
चिंचोके नाहीत. लांबच्या घरात कुणी शिलाई मशीन चालवतंय,
तेवढंच.
टेकबहादूर हसला. मग खाली वाकून बघायला लागला,
चालू आहे ना?

शनिवारी सकाळी दार वाजलं.
उम्म जासिमचा नातू, हातात खजुरांची ताटली,
वर ओला रुमाल.
आजीनं विचारलंय, म्हणाला,
रात्री तो पोरगा घरी आला का?
ती खिडकीशी बसून होती.
तीन वाजले तरी
आल्याचं काही कळलं नाही.